आधी त्याला पाणी

माझ्या बापाला लोक खोऱ्याचा डोळा म्हणायचे. हे नाव त्याला फार आवडायचं आणि मला त्याचा राग यायचा, कारण शेवटची चार वर्षं तो डोळा माझा होता.

आमच्याकडे पावलावरून माणूस ओळखणं ही काही मोठी गोष्ट नाही. शेळ्यांमागे फिरणारी कुठलीही पोर वाळूकडे बघून सांगेल की इथून आत्या गेली, इथून शेजारचा उंट गेला. पण माझा बाप, सुवैलिम, वेगळा होता. चालणारा रागात होता की उपाशी, ओझं स्वतःचं होतं की चोरलेलं, इतकं तो सांगायचा. कुठे तंटा पडला आणि साक्षीदार नसला की आमच्या तंबूपुढे पिकअप येऊन थांबायची. त्याने एकदा नाव घेतलं की विषय संपला. त्याच्या एका शब्दावर माणसं कुळासकट खोरं सोडून गेलेली मी पाहिली आहेत.

डोळ्यांत धुकं उतरायला लागलं ते मला एका चहाने कळलं. बाने पाहुण्यांसमोर चहा ओतला तो पेल्याच्या बाजूला, थेट चटईवर. वर म्हणाला, "पेला कुणी हलवला?" पाहुण्यांनी एकमेकांवर आळ घेतला. मी चटई पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. पाहुणे गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "बोललीस कुठे तर जीभ हासडीन." त्यानंतर त्या विषयावर आमच्यात चार वर्षं एक अक्षर नाही.

पण व्यवस्था मात्र लागली. कुठे माग काढायला जायचं असलं की मी दोन शेळ्या घेऊन पुढे जायची. चाऱ्याला बाहेर पडलेल्या पोरीला कोण विचारतं? मी शेळ्यांना ओरडायची. "डावीकडे कुठे चाललीस गं, भवाने?" म्हणजे माग डावीकडे वळलाय. "पोटात ओझं आहे का तुझ्या, चालवत नाही ते?" म्हणजे माणसाच्या पाठीवर ओझं आहे. मागून बा यायचा, गंभीर चेहऱ्याने, जमिनीवर नजर लावून, आणि मी शेळ्यांना दिलेल्या शिव्यांचा निवाडा करून सांगायचा. माणसं थक्क व्हायची. मला कधी हसू यायचं, कधी शेळ्यांची दया यायची.

मी आज हे चिडून सांगते, पण तेव्हा मला त्याचा अभिमानही होता, हे लपवून काय उपयोग? बा कठीण माणूस होता. चुलीतला जळता निखारा दोन बोटांत उचलून चिलमीवर ठेवायचा आणि समोरच्याशी बोलत राहायचा. दाढ काढताना त्याने हूं केलं नाही. आई गेली त्या दिवशी तिला माती देऊन तो परस्पर कुणाचा तरी हरवलेला उंट शोधायला गेला, आणि लोक म्हणाले, याला म्हणतात पुरुष. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मला त्या दिवशी बाप हवा होता, तो पुरुष घेऊन मी काय करू?

आणि पाणी. दिवसभर उन्हात हिंडून परत आला, ओठ फाटलेले असले, तरी कुणी पखाल पुढे केली की हाताने बाजूला सारायचा. "आधी त्याला." त्याला म्हणजे बरोबरच्याला, पाहुण्याला, उंटाला, कुत्र्याला, जो कुणी असेल त्याला. सगळ्यांचं झालं की मग दोन घोट, तेही असे घ्यायचा की जणू उपकार करतोय. खोऱ्यातली तरणी पोरं ही ढब उचलून एकमेकांपुढे मिरवायची.

मुतेर मेला त्या दिवशी मी नव्हते. दोन दिवसांच्या वाटेवर मावशीचं बाळंतपण होतं, तिकडे गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मुतेर हा शेख आयदच्या कुळातला, चाळिशीचा, गोळी छातीत लागलेली. उभ्या कड्याखाली एक जुनी बाभूळ आहे, तिच्या बुंध्याशी सापडला. बंदूक शेजारी पडलेली. शेखने चाळीस माणसं जमवली आणि बाला बोलावलं.

बाला म्हणता आलं असतं, ऊन उतरलंय, उद्या बघू. म्हणता आलं असतं, पोटात दुखतंय. पण चाळीस माणसं तोंडाकडे बघत असताना माझा बाप "उद्या" म्हणणार? तो वाकला. वाळूत पाऊल ओढल्याची एक लांब फरपट होती, बाभळीपासून खडकापर्यंत. खडकावर माग टिकत नाही. तेवढी काळी रेघ त्याच्या धुक्यातूनही दिसली. खोऱ्यात डावा पाय ओढत चालणारा माणूस एकच, नुसैर. त्याचं आणि मुतेरचं विहिरीवर महिन्यापूर्वी वाजलंही होतं.

"नुसैर," बा म्हणाला.

आणि मग गंमत अशी की चाळीसच्या चाळीस जणांना लंगडा पाय दिसला. त्यांतले निम्मे माझ्याएवढाच माग वाचणारे होते. पण सुवैलिमने नाव घेतल्यावर कोण वाकून बघतो?

नुसैर विधुर, तीस-बत्तीसचा, साधा. "मी दिवसभर तंबूत होतो," म्हणाला. साक्षीला कोण? कुणी नाही, एकटा राहणारा माणूस. मुतेरचा भाऊ रुबैय बंदूक घेऊन निघालाच होता, त्याला शेखने अडवलं. आमच्या रिवाजाप्रमाणे तीन दिवस आणि वर दिवसाचा तिसरा हिस्सा अशी शांती ठरली, त्या मुदतीत कुणी कुणावर हात टाकायचा नाही. आणि साक्षीदार नसल्यामुळे पुढे आग. नुसैरने तापलेली पळी तीनदा चाटायची. जीभ शाबूत राहिली तर तो निर्दोष. भाजली तर रक्त त्याच्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेळ्या मुद्दाम त्या बाभळीकडे हाकल्या. बुंध्याभोवती माणसांनी चिखल करावा तसं तुडवून ठेवलं होतं. पण कड्याच्या आडोशाला फरपट अजून शाबूत होती. मी वाकून तिच्याकडे नीट पाहिलं.

फरपट बाभळीकडून खडकाकडे गेलेली नव्हतीच. ती खडकाकडून बाभळीकडे आलेली होती. आणि तिच्या शेजारून खडकाकडे जाणारी पावलं होती ती चांगली धडधाकट, दोन्ही वहाणांची. फरपटीच्या आणि या पावलांच्या टाचेला तोच फाटका कोपरा. एकच माणूस. धड पायांनी खडकापर्यंत गेला आणि पाय ओढत परत आला. खडकापाशी वाळूत मला वहाणेच्या पट्ट्याचा तुकडा सापडला, बोटभर, ताजा तुटलेला. मुतेरच्या वहाणा मी ओळखत होते, त्याच्या बायकोने माझ्यासमोर शिवल्या होत्या.

मुतेरला कुणीही मारलं नव्हतं. खडकाआड लघवीला गेला असेल, वहाण तुटली, ओढत ओढत बाभळीशी आला, ती नीट करायला बसला, बुंध्याला टेकवलेली बंदूक घसरली आणि उडाली. बस. इतकंच.

मी धावत घरी आले. बा तंबूच्या दाराशी बसला होता. मी सगळं सांगितलं आणि तुकडा त्याच्या हातात ठेवला. त्याने तो बोटांनी चाचपला, कडा चाचपली, टाका चाचपला. त्याची बोटं अजून हुशार होती.

"फरपट आहे अजून?" त्याने विचारलं.

"आहे, बा. आत्ता शेखला घेऊन गेलो तर..."

"वारा कधी सुटेल?"

"दुपारून सुटतो. का?"

"सुटू दे."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि मी त्याच्यापुढे जमिनीवर बसले. "बा, तो मरेल."

"निर्दोष असेल तर जीभ भाजणार नाही. आग न्याय करते."

"आग न्याय करते म्हणे! तव्यावर ओलं बोट टेकवलं तर नुसतं चुर्र होतं, कोरडं टेकवलं तर फोड येतो. आईने मला सहाव्या वर्षी दाखवलंय. घाबरलेल्याच्या तोंडाला कोरड पडते, बा. नुसैर भेकड आहे, त्याची जीभ आत्तापासून वाळली असेल."

"भेकड असणं हा काय माझा गुन्हा?"

"तुझा गुन्हा नाही, पण तू..." मी शब्द गिळला. चार वर्षांची सवय.

तो उठला. "ऐक, सुब्हे. मी आज म्हणालो की मला दिसत नाही, तर पोरं तंबूच्या दोऱ्या सोडून मला अडखळवून बघतील. बायका माझ्यासमोर डोकं झाकायच्या थांबतील, म्हातारा आंधळा, याच्यासमोर कसली लाज? आणि मी ज्यांची ज्यांची नावं घेतली ते सगळे उठून येतील. मी त्यांना काय सांगू? माझ्या पोरीने शेळीला शिवी दिली म्हणून?"

"सांग ना! खरं तेच आहे."

"मी मेल्यावर सांग," तो म्हणाला आणि पट्ट्याचा तुकडा खिशात टाकला.

दुपारी वारा सुटला. मी तंबूत बसून तो ऐकत होते आणि मला माझ्या बापाची इतकी घृणा आली की त्याची भाकरी मी थापली आणि त्याच्या हातात न देता चुलीपाशीच ठेवली.

पुढचे दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही. पाहुणे येत होते, त्याच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकत होते की माग कसा दिसला. तो सांगत होता. प्रत्येक वेळी नवं काही जोडून. चिलमीवर निखारा ठेवताना त्याचा नेम चुकला, निखारा तळहातावर पडला, आणि तो तसाच मूठ मिटून बसला. पाहुणा म्हणाला, "वा!"

आग बघायला आम्ही अर्ध्या दिवसाच्या वाटेवर गेलो, बखीतच्या मुक्कामावर. बखीत आगवाला, त्याचा आजाही आगवाला. कोरड्या ओढ्यात झावाच्या झाडांखाली त्याची चूल. सकाळची वेळ. पुरुष गोल करून बसले, आम्ही बायका मागे झाडाच्या सावलीला. लांब दांड्याची, कॉफी भाजायची लोखंडी पळी निखाऱ्यांत खुपसून ठेवली होती. बखीत मधूनमधून ती उलटायचा. त्याच्या बाजूला पत्र्याचा पेला आणि पाण्याची पखाल. रिवाज असा की चाटण्याआधी बखीत एक चूळ पाणी देतो. घ्यायचं तर घ्या. तो दुसऱ्यांदा विचारत नाही. फुशारक्या मारणारी पोरं घरी म्हणायची की पाणी घेतो तो अर्धा कबूल झालाच. पण खरी वेळ आली की सगळे घ्यायचे.

नुसैरला आणलं. चेहरा मातीसारखा झाला होता. त्याला चुलीपाशी न्यायचं तर तो मध्येच वळला आणि सरळ माझ्या बापासमोर येऊन उकिडवा बसला. रुबैयने बंदुकीवर हात टाकला, पण नुसैर फक्त बोलायला आला होता.

"काका," तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"मी झोपेत चालतो असं माझी बायको म्हणायची. मी तीन दिवस आठवून बघतोय. मला काही आठवत नाही. पण तुम्ही पाऊल पाहिलंय. तुमचं कधी चुकत नाही. म्हणजे मी गेलोच असेन ना?"

बाचा हात खिशाकडे गेला.

"तुम्ही एकदा म्हणा, काका. 'तूच होतास' म्हणा. मग मला पळीची भीती वाटणार नाही. मग जे काय होईल ते माझंच."

मला रडू फुटलं. शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर चापट मारली. पण मी बाकडे बघत होते. मग माझा बाप, ज्याने आईला माती देताना डोळा ओला केला नाही, तो उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मला दिसत नाही."

कुणाला काही कळलं नाही. शेख आयदने विचारलं, "काय दिसत नाही?"

"काहीच. चार वर्षं झाली. मी पाऊल पाहिलंच नाही. एक काळी रेघ पाहिली आणि नाव घेतलं. हा पोरगा तिथे नव्हता. मुतेरची वहाण तुटली होती, हा बघा तुकडा. त्याचीच बंदूक उडाली."

तुकडा हातोहात फिरला. रुबैयने तो पाहिला आणि थुंकला. "हा कुठून आला?"

"माझ्या पोरीने आणला."

"कधी? वारा सुटल्यावर? असले तुकडे आमच्या उकिरड्यावर ढीगभर पडलेत!"

मी झाडाखालून ओरडले, "वारा सुटायच्या आधी! मी माग पाहिलाय! चार वर्षं मीच बघतेय!"

"पोरगी बापाचंच गाणार," कुणीतरी म्हणालं, आणि बायकांनी मला खाली ओढलं.

शेख आयद वाईट माणूस नव्हता. मी हे आजही म्हणेन. तो उठला आणि बाजवळ आला. हळू बोलला, पण ओढ्यात आवाज घुमतो, आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. "सुवैलिम, तुझं मन मोठं आहे. पोराची दया आली, समजतो मी. पण जपून बोल. वीस वर्षांचे निवाडे तुझ्या डोळ्यांवर उभे आहेत. माझ्या तोंडून झालेले. तू आंधळा, तर आम्ही कोण?"

"तुम्ही कोण ते तुम्ही बघा. मला दिसत नाही."

शेखने मागे कुणाला तरी खूण केली. एक जण आवाज न करता आला आणि बाच्या समोर उभा राहिला. "हा कोण?" शेखने विचारलं.

तो माणूस तंबाखूच्या वासाचा होता आणि श्वास घेताना त्याची शीळ वाजायची. आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही त्याला डोळे मिटून ओळखेल. बाला फक्त गप्प राहायचं होतं.

"हमदान," बा म्हणाला. तोंडातून निघून गेलं. चार वर्षं तो हेच करत आला होता, वास घ्यायचा, आवाज घ्यायचा आणि कुणी विचारायच्या आत नाव सांगून मोकळा व्हायचा.

लोक हसले. प्रेमाने हसले, हे जास्त वाईट. "आमच्यापेक्षा चांगलं दिसतंय की!" एक म्हातारा म्हणाला. "बघा, दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःला आंधळा म्हणवून घेतोय. असा माणूस होणे नाही."

बा गोल फिरून सगळ्यांकडे बघत होता, म्हणजे चेहरा फिरवत होता. आयुष्यभर ज्या गोष्टीला तो घाबरला ती त्याने चारचौघांत बोलून दाखवली होती, आणि ती कुणी घेईचना.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग पळी मला द्या. मी शपथ घेतो, त्या बाभळीखाली मला पाऊल दिसलं नाही. जीभ शाबूत राहिली तर या पोराला सोडायचं. भाजली तर मी खोटा."

कुजबुज झाली. असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. बखीतने शेखकडे पाहिलं, शेखने रुबैयकडे. रुबैय म्हणाला, "भाजली, तर याने पाऊल पाहिलंय. मग नुसैर माझा."

"तुझा," शेख म्हणाला.

माझ्या जिवात जीव आला. खरंच आला. कारण बा निखारा हातात धरणारा माणूस, त्याची जीभ कसली थरथरतेय? ओली जीभ, तीन वेळा, झटकन. झालं. मी मनात म्हणत होते, फक्त चूळ भर, बा.

तो चुलीपाशी बसला. दोन दिवस पोटात अन्न नाही, आणि त्या सकाळी पाणीही नाही, मी स्वतः पाहिलं होतं. एवढं बोलून त्याचे ओठ पांढरे पडले होते. बखीतने पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

समोर नुसैर बसला होता. उन्हात, कोरड्या तोंडाने, हपापल्यासारखा त्या पेल्याकडे बघत.

आणि माझ्या बापाने हात वर केला आणि पेला बाजूला सारला.

"आधी त्याला," तो म्हणाला.

"बा, नको!" मी किंचाळले. "बा, पी!" पण पुरुषांमध्ये वाहवा उठली होती, तिच्यात माझा आवाज कुठे ऐकू जाणार? नुसैरने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा रिकामा केला. बखीत क्षणभर थांबला. त्याचा हात पखालीकडे गेला. मला अजून वाटतं की त्याला ठाऊक होतं, आगवाल्याला ठाऊक नसेल तर कुणाला? पण दुसऱ्यांदा विचारायचा रिवाज नाही. त्याने हात मागे घेतला आणि पळी बाहेर काढली.

बाने तीनदा चाटली. पहिल्यांदा आवाज आला नाही. चुर्र झालं नाही. वास आला. दुसऱ्यांदा त्याचे खांदे उडाले. तिसऱ्यांदा त्याने ती झटकन नाही, सावकाश चाटली, जशी एखाद्याला दाखवायची असते.

बखीतने रिवाजाप्रमाणे थोडा वेळ जाऊ दिला. मग शेख आणि रुबैय यांना बोलावून बाची हनुवटी वर केली. "तोंड उघड."

मला बघायची गरज नव्हती. बखीत जमिनीकडे बघून म्हणाला, "खोटं बोलला. पाऊल पाहिलं होतं."

नुसैरने मान डोलावली. मी पाहिलं. त्याने मान डोलावली, सुटल्यासारखी, एखाद्याचा हिशेब जुळावा तशी. रिवाजाप्रमाणे त्याला पुन्हा तीन दिवस आणि तिसरा हिस्सा मिळाला, तेवढ्यात दूर निघून जायला. बा काहीतरी ओरडत होता, पण फुगलेल्या जिभेने नुसते घोगरे आवाज निघत होते. माणसांनी त्याला धरून उठवलं, त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं, त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. खोटं बोलल्याबद्दल त्याला कुणी बोल लावला नाही. पोराला वाचवायला जीभ जाळून घेणारा माणूस! आणि डोळे? डोळ्यांची तर आता आगीनेच ग्वाही दिली होती.

घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. मग रात्रभर त्याच्या जिभेला तूप लावत बसले. दुसरं काय करणार होते?

दीड महिन्याने पिकअप आली. नुसैरला तिकडे पलीकडच्या विहिरीपाशी रुबैयने मारलं होतं. मारलं हे रुबैय लपवत नव्हता. पण नुसैर अंगावर आला होता की पाठ दाखवून पळत होता, यावर दोन्ही कुळांत वाजलं होतं. पळत्याला मारणं लाजेचं. "काका, पावलांवरून एवढंच सांगा," पिकअपमधून आलेले म्हणाले.

बा उठला. मी शेळ्या सोडायला गेले तर म्हणाला, "शेळ्या नकोत." जीभ बरी झाली होती, पण बोलणं जाड झालं होतं ते कायमचंच.

विहिरीपाशी शेख होता, रुबैय होता, वीसेक माणसं होती. बाने सगळ्यांसमोर माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. "सुब्हे," तो मोठ्याने म्हणाला, "काय दिसतं?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कौतुकाने हसली. म्हातारा पोरीला शिकवतोय, असं त्यांना वाटलं.

मी वाकले. लंगडा पाय तंबूतून निघालेला. सावकाश. मग वहाणा, दोन्ही, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. पुढे अनवाणी पावलं रुबैयच्या दिशेने, सहा. मग जोडलेली दोन. टाचा खोल गेलेल्या. बराच वेळ उभ्या असलेल्या माणसाच्या जातात तशा.

"पळाला का?" शेखने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अंगावरही गेला नाही. वहाणा काढून समोर जाऊन उभा राहिला. वाट बघत."

रुबैयने मान खाली घातली. बाच्या हातातला माझा हात दुखायला लागला इतका त्याने तो दाबला.

"त्याला वाटलं, त्यानेच मारलंय," बा म्हणाला. "मी सांगितलं म्हणून." मग सगळ्यांकडे तोंड करून, जड जिभेने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मला दिसत नाही."

"हो, काका," रुबैय म्हणाला. त्याच्या आवाजात खराखुरा आदर होता. "आगीनेच सांगितलंय आम्हाला किती दिसतं ते." आणि बा सगळ्यांत वयाने मोठा म्हणून त्याने पाण्याचा पहिला पेला भरून दोन्ही हातांनी बापुढे धरला.

बाने तो घेतला. कुणाला दे म्हणाला नाही. पाणी तोंडात घेतलं, डोळे मिटून कितीतरी वेळ घोळवलं आणि त्या दोन जोडलेल्या पावलांशेजारी वाळूत सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात पिकअप पुन्हा आली.